नागर संगीत, समकालीन : पुणे–खडकी परिसर

औद्योगिक व व्यापारी नगरांत वस्तीस आलेल्या, परस्परांशी जन्माने वा गावकीने बांधलेले नसलेल्या लोकांच्या सहजीवनातून जे संगीत निर्माण होते किंवा नवे रूप धारण करते, त्यास येथे नागर संगीत म्हटले आहे. ‘नागर’ या शब्दाचा ‘शिष्ट’ वा ‘विदग्ध’ हा जुना अर्थ येथे अभिप्रेत नाही. लोकसंगीताचे नियमन ग्रामव्यवस्था, ऋतू व विधी यांच्याकडून होते, शास्त्रीय संगीताचे गुरुपरंपरेकडून होते. नागर संगीतावर मात्र वेतन, घड्याळ, जागा आणि ध्वनियंत्र या चार गोष्टींचा अंमल चालतो. मराठी संगीतसमीक्षेने मैफलीच्या संगीताचा व लोकसंगीताचा पुष्कळ विचार केला. पण वरातीचा बँड, जयंतीच्या मिरवणुकीतील गीते, कामगार वसाहतीतील भजन आणि अलीकडील रॅप यांचा विचार तिने बहुधा ‘हीन अभिरुची’ वा ‘गोंगाट’ या दोन सदरांखालीच केला. या संगीताचे मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या कसोटीवर व्हावयास हवे. ती कसोटी कोणती, हा प्रस्तुत नोंदीतील मुख्य प्रश्न होय. त्याच्या विवेचनासाठी पुण्याच्या वायव्येस मुळा नदीकाठी असलेली खडकी ही छावणी व तिच्याशी निगडित असा पुणे परिसर घेतला आहे.

वसाहतीचे स्वरूप : खडकी हे नाव इतिहासात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे व इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईमुळे परिचित आहे. त्यानंतर येथे लष्करी छावणी वसली. १८५८ मध्ये मुंबई–पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि तो खडकीवरून गेला. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. बाँबे सॅपर्स या अभियंता दलाचे केंद्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे स्थिरावले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अतिस्फोटक द्रव्यांचा कारखाना निघाला व १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची भर पडली. २०२१ मध्ये देशातील आयुधनिर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन येथील दारूगोळ्याचे कारखाने म्यूनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली म्हणजे भाषिक सरमिसळ. मराठी कामगारांबरोबरच तमिळ, तेलुगू, कन्नड व हिंदी भाषिक कुटुंबे, मुसलमान व्यापारी व कारागीर, गोमंतकीय ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन यांची वस्ती छावणीच्या बाजारात व रेल्वेच्या आसपास झाली. दुसरी म्हणजे दिवसाची नवी विभागणी. गावात दिवस उजाडण्यावरून व मावळण्यावरून कळतो. येथे तो बिगुलावरून व कारखान्याच्या भोंग्यावरून कळू लागला. छावणीचा व कारखान्याचा हा आवाज संगीत नव्हे. परंतु कोणते संगीत केव्हा व्हावयाचे, हे ठरविणारा तो पहिला नागर ध्वनी होय.

श्रम आणि गाणे यांची फारकत : ग्रामीण महाराष्ट्रात गाण्याचा मोठा भाग श्रमाबरोबर चालत असे. मोटेवरची गाणी, भलरी व जात्यावरील ओव्या ही त्याची उदाहरणे होत. हेमा राईरकर व गी पॉतव्हँ यांनी पुणे व भोवतालच्या प्रदेशात आरंभिलेल्या संकलनकार्यात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांवरून या संगीताच्या विस्ताराची कल्पना येते. विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली, तेव्हा बाईच्या हातचे कष्ट कमी झाले आणि त्याबरोबर पहाटेच्या ओवीचे प्रयोजनही नाहीसे झाले. कारखान्यात तर श्रमाबरोबर गाणे शक्यच नव्हते. यंत्राचा ठेका मनुष्याच्या श्वासाशी जुळत नाही आणि स्फोटक द्रव्ये हाताळताना लक्ष विचलित होणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून शहरातील कामगाराचे गाणे पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत गेले. गाणे ही श्रमातील सोबत न राहता श्रमानंतरचा विसावा, भक्ती किंवा विचारप्रसार यांचे साधन झाले.

या बदलाचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे कामगार वसाहतींतील भजनी मंडळे. पखवाज वा ढोलकी, टाळ आणि पेटी एवढ्या साहित्यावर चालणाऱ्या या मंडळांत गायक व श्रोता असा भेद जवळजवळ नसतो. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी पिंपरी, दापोडी व बोपोडी या औद्योगिक पट्ट्यातूनच पुण्यात प्रवेश करते. त्यामुळे वारीचे संगीत या वसाहतींना परके राहिले नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाने भजनस्पर्धा भरवून या मंडळांना व्यासपीठ दिले. स्पर्धेमुळे स्वराचा नेटकेपणा वाढला. मात्र ठरावीक मिनिटांत गायन संपविण्याच्या बंधनामुळे चढत जाणारी लय व पुनरावृत्ती हा भजनाचा प्राण काहीसा आक्रसला, हेही नमूद केले पाहिजे.

बँड : लष्करी पलटणींबरोबर पितळी वाद्यांचा वृंद छावण्यांमध्ये आला. कवायत, चर्चमधील प्रार्थना व अधिकाऱ्यांची संमेलने यांसाठी तो वाजे. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळालेले वादक पलटणींत, संस्थानांत व पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. लष्करी वृंदाच्या अनुकरणाने शहरांत खाजगी बँड निघाले आणि लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, उरूस व अंत्ययात्रा या सर्व प्रसंगी ते वाजू लागले.

संगीतदृष्ट्या या बँडचा प्रश्न चमत्कारिक होता. कॉर्नेट, ट्रंपेट, युफोनियम यांसारख्या कळीच्या वाद्यांची रचना बारा ठरावीक स्वरांसाठी केलेली असते. मराठी नाट्यपदांतील व लावणीतील मींड, कण आणि आंदोलन त्यांत सहज बसत नाहीत. बँडवाल्यांनी यावर दोन उपाय योजले. एक म्हणजे ओठांच्या दाबाने स्वर किंचित उतरविणे वा चढविणे. दुसरा म्हणजे मुख्य चाल क्लॅरिनेटकडे देणे, कारण त्याच्या उघड्या छिद्रांवर बोटे सरकवून मींडेचा भास निर्माण करता येतो. तमाशातही क्लॅरिनेटने सनईच्या जोडीने प्रवेश केला, तो याच गुणामुळे. हे वादक बहुधा स्वरलेखन न वाचता केवळ कानाने चाली बसवीत. ‘बेसूर बँड’ ही थट्टा मध्यमवर्गात रूढ झाली. तथापि दोन भिन्न स्वरव्यवस्थांमधील तडजोड चालता चालता, उन्हात व वाहनांच्या गर्दीत साधण्याचे हे कौशल्य होते, हे त्या थट्टेत लक्षात घेतले गेले नाही.

बँडचा सामाजिक परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. हलगी, डफ, सनई ही वाद्ये गावात अनेकदा जातीने नेमून दिलेले काम म्हणून वाजविली जात. वादन हा हक्क असला, तरी ते दास्यही होते. शहरात त्याच समाजांतील अनेक वादकांनी गणवेश चढविला आणि वाजविण्याचा दर ठरवून घेतला. वेतन मिळाल्याने प्रतिष्ठा आपोआप येत नाही. वरातीत पुढे चालणारा बँडवाला पंगतीत मात्र शेवटी बसे. पण ‘वाजविणार नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला प्रथमच मिळाले व ते नगराने दिले.

आफ्रिकेतील समांतर उदाहरणे : छावणीतील बँडमधून नागर संगीत उदयास येण्याची घटना केवळ पुणे परिसरातील नाही. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) येथील किल्ल्यांत इंग्रजांच्या पलटणी असत. त्यांचे बँड आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथे आलेल्या वेस्ट इंडियन सैनिकांचे संगीत यांच्यापासून स्थानिक वादकांनी नवे पितळी संगीत घडविले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आक्रा शहरात त्यास ‘हायलाइफ’ हे नाव पडले. उंची क्लबांत प्रवेश न मिळालेले लोक बाहेर उभे राहून आतल्या नृत्याला ‘वरच्यांचे जीवन’ म्हणत, अशी त्या नावाची उपपत्ती सांगितली जाते. ई. टी. मेन्सा (१९१९–९६) यांच्या ‘टेम्पोज’ या वृंदाने स्वातंत्र्यपूर्व व स्वातंत्र्योत्तर काळात ते देशभर नेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘बेनी’ नावाचा समूहनृत्याचा प्रकार रूढ झाला. ‘बेनी’ हा ‘बँड’ याच शब्दाचा स्वाहिली अवतार आहे. गणवेश, हुद्दे व कवायत यांचे अनुकरण करीत बेनी मंडळ्यांनी नव्या शहरांत आलेल्या परक्या लोकांना परस्पर साहाय्याची संघटनाही पुरविली.

तुलनेत एक फरक उठून दिसतो. आक्रा येथे बँडच्या संगीताने स्वतःची गीते, स्वतःचे नृत्य व स्वतःचे नाव मिळविले. पुण्यामुंबईकडील खाजगी बँडने मात्र नाट्यपद, चित्रपटगीत व लावणी यांची नक्कल करण्यापलीकडे स्वतंत्र रचना फारशी केली नाही. येथील प्रतिभावान वादकांना चित्रपटसृष्टीने ओढून नेले, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे, की येथे नागर समाजाची स्वतंत्र रचना बँडकडे न जाता शब्दप्रधान गायनाकडे गेली.

शब्दप्रधान गायन : १८९३ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला व त्याबरोबर मेळे निघाले. मेळ्यांतील पदांत देवस्तुतीबरोबर राजकीय व सामाजिक टीका असे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात गण-गौळणीच्या जागी समाजप्रबोधन आणले. १९३० नंतर आंबेडकरी जलसे महाराष्ट्रभर फिरू लागले आणि त्यांत भीमराव कर्डक यांचे कार्य अग्रगण्य ठरले. मुंबईच्या गिरणगावात अण्णा भाऊ साठे (१९२०–६९), अमर शेख (१९१६–६९) व गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते लिहून आंबेडकरी गीतास स्वतंत्र रूप दिले. विठ्ठल उमप (१९३१–२०१०) व प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजांनी शाहिरी व भक्तिगीत दोन्ही घराघरांत नेले [→ शाहिरी वाङ्‌मय].

खडकीच्या लोहमार्गावरच पुढे असलेल्या देहूरोड या छावणीत २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. लोहमार्ग व कारखाने यांच्या लगतच्या वसाहतींतून १४ एप्रिलची जयंती व गायनाचे सामने ही सांगीतिक जीवनाची मुख्य पर्वे बनली. या गायनाची घडण साधी असते : उंच पट्टीत फेकलेला आवाज, ढोलकीचा ठसठशीत ठेका, पेटीची साथ आणि प्रत्येक कडव्याअंती कोरसने उचललेले ध्रुवपद. उंच पट्टी ही येथे अभिरुचीची उणीव नसून रचनेची गरज आहे. उघड्या मैदानात, ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावाचून, शेवटच्या रांगेतील माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, हे या कलेचे पहिले व्याकरण होते. चाल कित्येकदा परिचित चित्रपटगीताची घेतली जाते. त्यामागेही हाच हेतू असतो. चाल आधीच ठाऊक असल्यामुळे श्रोत्याचे सगळे लक्ष नव्या शब्दांवर राहते.

सभागृहातील संगीत : याच काळात मुठेकाठच्या शहरात संगीताच्या दुसऱ्या संस्था आकार घेत होत्या. पुणे गायन समाज १८७४ मध्ये, भास्करबुवा बखले यांनी स्थापिलेला भारत गायन समाज १९११ मध्ये आणि विनायकबुवा पटवर्धन यांचे गांधर्व महाविद्यालय १९३२ मध्ये अस्तित्वात आले. सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या पुढाकाराने १९५३ पासून भरणारा महोत्सव हा या परंपरेचा मानबिंदू होय. या संगीताने नगराला दरबाराऐवजी तिकीट काढून येणारा श्रोता दिला व स्त्रियांना शिकण्याची वाट मोकळी करून दिली. मात्र श्रोत्याने निःशब्द बसावे हा त्याचा संकेत आहे. तो पाळण्यासाठी फुरसत, बसावयास जागा व पूर्वसंस्कार लागतात. पाळीवरच्या कामगाराकडे यांपैकी पहिल्या दोन गोष्टी क्वचितच असत.

हे अंतर काही प्रमाणात नभोवाणीने कमी केले. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले गीतरामायण एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या वर्षात या केंद्रावरून प्रसारित झाले. छप्पन गीतांच्या त्या मालिकेचे सांगीतिक वैशिष्ट्य असे, की रागाचा आधार भक्कम असूनही एकही शब्द स्वराखाली दबत नाही. त्यामुळेच हे संगीत वाडा, चाळ व कामगारांची घरे या सर्वांत सारख्याच आस्थेने ऐकले गेले. शब्दाची स्पष्टता ही जलशाची कसोटी सभागृहाच्या संगीतानेही मान्य केली, तेव्हा त्याला संपूर्ण नगर श्रोता म्हणून लाभले.

ध्वनिवर्धन आणि ध्वनीचा संघर्ष : १९८० नंतर ध्वनिफितींचा प्रसार झाला व गीत स्वस्त झाले. वस्तीतील गायकाला मोठ्या कंपनीच्या कृपेवाचून श्रोता मिळू लागला. त्यापुढच्या काळात मिरवणुकीत बँडची जागा प्रथम हातगाडीवरील कळफलकाने व नंतर ‘डीजे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्ण्यांच्या भिंतींनी घेतली. वीस-पंचवीस वादकांची रोजी एका यंत्रचालकाकडे गेली.

दुसऱ्या बाजूस ढोल-ताशाचा पुनरुद्धार झाला. पूर्वी पुण्याच्या मिरवणुकांत मावळ-मुळशी भागातील गावांची ढोल-लेझीम पथके बिदागी घेऊन वाजवीत. आता शहरातील विद्यार्थी व नोकरदार तरुण-तरुणींची हौशी पथके त्यांच्या जागी आली. स्त्रियांनी ढोल कमरेस बांधून रस्त्यावर उतरणे हा या बदलातील निःसंशय मोलाचा भाग होय. मात्र पथकांची संख्या फुगत गेली, तसे ताशाच्या बारीक कामाचे महत्त्व घटले आणि शेकडो ढोलांच्या एकसाथ आघातालाच वादन समजण्याची प्रवृत्ती वाढली.

ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्रीय नियम २००० मध्ये लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा त्यांनी घातली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास बंदी केली. २००२ च्या दुरुस्तीने वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निर्णयात या नियमांस दुजोरा दिला. डेसिबलची मोजणी साधी नसते, हे येथे ध्यानी घ्यावे. दर दहा डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणून ५५ ऐवजी ८५ डेसिबल म्हणजे दीडपट आवाज नव्हे, तर हजारपट ऊर्जा.

या नियमांचा परिणाम सर्वांवर झाला. सवाई गंधर्व महोत्सवाच्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकी बंद पडल्या. त्यामुळे उत्तररात्रीचे व पहाटेचे राग त्यांच्या प्रहरी ऐकण्याची परंपरा खंडित झाली. ही खरी सांस्कृतिक हानी आहे. परंतु सभागृहाबाहेरच्या संगीताचीही हानी झाली. पोवाडा, जलसा व जागरण-गोंधळ यांचाही नैसर्गिक काळ रात्रीचाच होता. पहिल्या हानीविषयी शहरात पुष्कळ चर्चा झाली, दुसरीविषयी क्वचितच. कोणाचा ध्वनी ‘वारसा’ ठरतो व कोणाचा ‘उपद्रव’, याचे उत्तर कित्येकदा ध्वनीच्या पातळीवरून न मिळता वस्तीच्या पत्त्यावरून मिळते, हा आक्षेप म्हणूनच दुर्लक्षण्याजोगा नाही.

तथापि या आक्षेपाने कर्ण्यांच्या भिंतीचे समर्थन होत नाही. तिचे पहिले बळी वस्तीतलेच असतात : पत्र्याच्या घरातील तान्हे मूल, आजारी वृद्ध, रात्रपाळी करून दिवसा झोपलेला कामगार. शहराच्या संपन्न भागातील रहिवासी खिडकी बंद करू शकतो. ज्याच्या घराची भिंतच पातळ आहे, त्याला ती सोय नाही. याखेरीज एक कलाविषयक हानी आहे. नीच स्वरांचे आघात इतके प्रबळ केले जातात, की त्यांखाली गीताचा शब्द पुसला जातो. ज्या गीताची सारी उभारणी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविण्यासाठी झाली, तेच गीत त्याच्या जयंतीच्या मिरवणुकीत कळेनासे होते. शाहिराने पल्ला गाठण्यासाठी आवाज चढविला होता. यंत्राने आवाज हजारपट केला आणि शब्दाचा पल्ला मात्र गमावला.

रॅप : न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागात १९७० नंतरच्या दशकात उगम पावलेला रॅप हा प्रकार एकविसाव्या शतकात महाराष्ट्रातील वस्त्यांत रुजला. भ्रमणध्वनीवर विनामूल्य मिळणारे ठेके व घरच्या घरी ध्वनिमुद्रण ही त्याची साधने होत. मुंबईतील या चळवळीवर आधारलेला गली बॉय हा हिंदी चित्रपट २०१९ मध्ये आला. पुण्यातील रेल्वे स्थानकाजवळच्या ताडीवाला रस्ता भागात वाढलेल्या एमसी स्टॅन (जन्म १९९९) या गायकाचा तडीपार हा गीतसंग्रह २०२० मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे त्यास देशव्यापी लोकप्रियता लाभली. दार-एस-सलाम या टांझानियातील नगरात १९९० नंतर स्वाहिली भाषेत उदयास आलेला ‘बोंगो फ्लेवा’ हा प्रकार याच जातीचा होय. ‘बोंगो’ म्हणजे मेंदू. त्या शहरात टिकण्यास डोके लागते, म्हणून शहरालाच हे टोपणनाव पडले.

‘तडीपार’ हे शीर्षक अर्थपूर्ण आहे. हा शब्द हद्दपारीच्या पोलिसी कारवाईचा असून वस्तीतील तरुणांच्या नित्य बोलण्यातला आहे. शहरात राहूनही शहराने आपल्याला बाहेर ठेवले आहे, ही जाणीव त्यातून व्यक्त होते. भाषा हिंदी असली, तरी तिच्यात दखनी वळणे व मराठी बोलीतील शब्द सहज मिसळतात. रेल्वेच्या दुतर्फा वसलेल्या वस्त्यांची हीच बोलभाषा आहे व ती छापील साहित्यात फारशी आलेली नाही. उच्चाराचा वेग, यमकांची साखळी आणि ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे शब्द ठेवण्याची हातोटी या गुणांत रॅपचे शाहिरीशी नाते दिसते. सवाल-जवाबातील आव्हान व प्रतिआव्हानही दोहोंत समान आहे.

या प्रकाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्वतःच्या यशाचे व दागिन्यांचे गोडवे, प्रतिस्पर्ध्याची निंदा आणि स्त्रीविषयी हिणकस भाषा यांचा त्यात अतिरेक आढळतो. जलशातील ‘आम्ही’ च्या जागी येथे ‘मी’ आला. वस्तीचे दुःख सांगितले जाते, पण ते बहुधा एकाच्या सुटकेची पूर्वपीठिका म्हणून. ध्वनिवर्धकांमुळे जे गीत सर्वांवर लादले जाते, त्याच्या नेमके उलट टोक येथे दिसते. कानात यंत्र घालून प्रत्येक जण हे गीत एकट्याने ऐकतो. त्यात शब्द परत मिळाला, परंतु कोरस नाहीसा झाला. तरीही मराठीतून व बोलींतून सामाजिक विषयांवर रचना करणारे तरुण पुढे येत आहेत आणि त्यांतील काहींनी आंबेडकरी गीतांचा वारसा जाणीवपूर्वक स्वीकारला आहे.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून नागर संगीताची कसोटी स्थूलमानाने अशी मांडता येईल. परस्परांस अनोळखी असलेल्या माणसांना ते एकत्र ऐकण्यास बोलावते का, आणि एकत्र आल्यावर प्रत्येकाचा शब्द दुसऱ्यास ऐकू येतो का? भजनी मंडळ या कसोटीस उतरते. मात्र त्याची भाषा व श्रद्धा ज्यांची नाही, असे शेजारी बाहेर राहतात. बँडने सर्व जातिधर्मांच्या दारी वाजून अनोळखी लोकांस एकत्र आणले, पण त्यास स्वतःचा शब्द नव्हता. जलसा व आंबेडकरी गीत यांनी दोन्ही अटी सर्वाधिक प्रमाणात पुऱ्या केल्या. म्हणून गेल्या शतकातील महाराष्ट्राचे श्रेष्ठ नागर संगीत म्हणून त्यांचा निर्देश करावयास हवा. संगीताच्या इतिहासग्रंथांत त्यांना परिशिष्टात ठेवण्याची रीत समर्थनीय नाही. सभागृहातील संगीताने स्वराची सूक्ष्मता जतन केली. त्याने श्रोता वाढविला, तो मुख्यतः नभोवाणीद्वारा व शब्दाची कास धरूनच. कर्ण्यांच्या भिंती गर्दी जमवितात, परंतु संवाद अशक्य करतात. रॅपमध्ये शब्द आहे, समूह नाही.

पुढील वाट कोणती, हे केवळ कलावंतांवर अवलंबून नाही. पाळी सुटल्यावर लोकांना जमता येईल असे मैदान, अल्प भाड्याचे सभागृह व रात्री दहापूर्वी घरी पोचता येईल इतका प्रवासाचा वेळ यांची उपलब्धता हा संगीताचाही प्रश्न आहे. मुळेच्या दोन्ही काठांवर जुन्या कारखान्यांच्या व चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि सामायिक अंगण कमी होत आहे. अंगण नसेल, तर गाणे रस्त्यावर येते. रस्ता वाहनांच्या आवाजाने भरलेला असेल, तर गाणाऱ्यास ओरडावे लागते. नगरातील गोंगाटाचा दोष वस्तीच्या अभिरुचीवर ठेवण्यापूर्वी नगररचनेने तिच्यासाठी कोणती जागा राखली, हे तपासणे आवश्यक आहे [→ नगररचना, लोकसंगीत].